आवाज आला म्हणून पंप बदलू नका, आणि आवाज आला म्हणून गप्पही बसू नका



या पानावर मी सोयाबीन, हरभरा, ऊस, ठिबक असलंच लिहितो. आज गाडीवर लिहितोय. पण वाचत राहा, रोग तोच आहे, फक्त पीक वेगळं आहे.

आमच्या आसपासच्या तीन जुन्या पेट्रोल गाड्यांच्या मागच्या सीटखालून लागोपाठ "घूंऽऽ" असा आवाज यायला लागला. तिन्ही गाड्या पंधरा वर्षांच्या वरच्या. तिघांनाही एकाच मिस्त्रीनं एकच उत्तर दिलं, "टाकीतला पंप गेलाय, बदलून टाका." पहिली गाडी माझ्या चुलतभावाची. त्याच्या गाडीत पंपाला काहीच झालं नव्हतं, अर्थची वायर गंजली होती. दुसरी गाडी आमच्या गुरुजींची. त्यांचा पंप खरोखर जायला आला होता. पण गुरुजींनी चुलतभावाचं ऐकलेलं, की मिस्त्री उगाच पंप सांगतो, पॉलिश पेपरनं काम भागतं. म्हणून त्यांनी बदलला नाही. बाईंना सोलापूरहून डायलिसिस करून घेऊन येताना तुळजापूरच्या घाटात चढाला गाडी बंद पडली. संध्याकाळची वेळ, मागं ट्रकांची रांग, आणि सीटवर डायलिसिसनं गळून गेलेलं माणूस. एका टेम्पोवाल्यानं वर आणून सोडलं म्हणून निभावलं.

आता यात चूक कुणाची म्हणायची? गुरुजींना मिस्त्रीनं सांगितलेलं शंभर टक्के खरं होतं. पण जो सगळ्यांना एकच औषध सांगतो, त्याचं खरं निदानही लोक खरं मानत नाहीत. मला आज हेच लिहायचं आहे. न तपासता पार्ट बदलायला सांगणं म्हणजे नुसतं चार-सहा हजाराचं नुकसान नाही. त्यानं माणसाचा आवाजावरचाच विश्वास उडतो.

आपल्याकडं हे नवीन नाही. सोयाबीन पिवळं पडलं की दुकानदार काय म्हणतो? "युरिया टाका, वरून एक टॉनिक मारा." आता नत्र कमी पडलं तर आधी खालची जुनी पानं पिवळी पडतात. चुनखडीच्या रानात लोह मिळेना झालं तर आधी शेंड्याची कोवळी पानं पिवळी होतात आणि शिरा हिरव्या राहतात. पाणी साचलं तर सगळाच प्लॉट मलूल होतो. पिवळं तिन्हीकडं, पण कुठलं पान आणि कधी, ह्यावर सगळं ठरतं. गाडीच्या पंपाचंही अगदी तसंच आहे. आवाज येतो एवढं पुरत नाही. कधी येतो, कशानं वाढतो, कशानं कमी होतो, ते बघायचं.

हा पंप म्हणजे आपण पेट्रोल भरतो तो पंप नव्हे. गाडीच्या टाकीतून इंजिनाकडं पेट्रोल ढकलणारी छोटी मोटर. जुन्या पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, कार्बोरेटरची मारुती ८०० यांच्यात ती भानगड नव्हती. तिथं इंजिनालाच बसवलेला डायफ्रॅमचा पंप असायचा, कॅमच्या ठोक्यावर चालणारा. उन्हाळ्यात पद्मिनी घाटात बंद पडली की ड्रायव्हर बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं ठेवायचे, ते आमच्या वयाच्या माणसांनी डोळ्यांनी बघितलंय. पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंपाला वाफ ढकलता यायची नाही. २००० च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले, इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि पंप टाकीत जाऊन बसला. इंजेक्शनला दाब लागतो. लहान गाड्यांत साधारण २.५ ते ३.५ किलो, नेमका आकडा त्या त्या गाडीच्या पुस्तकात असतो. कार्बोरेटरला ह्याच्या दहाव्या हिश्श्यानंही भागायचं.

थोडक्यात, गाडीच्या टाकीत एक छोटी सबमर्सिबल आहे. ज्याला बोअरची मोटर कळते त्याला हा पंप कळायला अवघड नाही. बोअरच्या मोटरीला पाणी थंड ठेवतं, ह्याला पेट्रोल थंड ठेवतं. बोअर उचकला, मोटर कोरडी फिरली की जळते, इथंही तेच. मोटर पेट्रोलात बुडलेली असून पेट का घेत नाही, असं पोरं विचारतात. टाकीत पेट्रोलची वाफ इतकी दाट असते, की पेटायला लागते तेवढी हवाच तिथं नसते. पण हे टाकीच्या आत. बाहेर सांडलेल्या पेट्रोलला हवेची कमी नाही, हे पुढं वाचताना ध्यानात ठेवा.

चावी ऑन केली, स्टार्टर मारला नाही, तरी दोन-तीन सेकंद मागून बारीक गुणगुण येते आणि थांबते. तो पंप लाईनीत दाब भरून घेतोय. ही गुणगुण चांगली आहे. काही लोक जुनी गाडी घेतात, शांत जागी पहिल्यांदा ती ऐकतात आणि घाबरतात. खरं घाबरायचं ते ती अजिबात आली नाही तर.

आता तपासायला लागू. पहिला प्रश्न, आवाज पंपाचाच आहे का? एकानं पुढं चावी ऑन करायची, दुसऱ्यानं मागची सीट उचलून नाहीतर पेट्रोल टाकायच्या तोंडाशी कान नेऊन ऐकायचं. इंजिन बंद असताना तोच आवाज दोन-तीन सेकंद आला तर पंप. मग इंजिन चालू करून जागेवर रेस द्या. रेसबरोबर आवाजाचा सूर चढत-उतरत असेल तर नजर पुढं वळवा, अल्टरनेटरचं बेअरिंग, पट्टा, पुली. टाकीतल्या पंपाचा सूर रेसबरोबर असा चढत नाही, तो जवळजवळ एकाच पट्टीत राहतो. गाडी पळताना वेगाबरोबर घोंगावणं वाढत असेल आणि न्यूट्रल करूनही राहत असेल तर चाकाचं बेअरिंग बघा. मागच्या चाकाचं बेअरिंग आणि टाकीतला पंप दोन्ही सीटखालीच ऐकू येतात, त्यामुळं भलेभले फसतात.

दुसरं, टाकीत पेट्रोल किती आहे? आपल्याकडं "दोनशेचं टाक" ही पद्धत. काटा कायम तांबड्यात. पेट्रोल कमी असलं की वळणावर, चढाला ते एका बाजूला पळतं आणि पंपाच्या तोंडात हवा जाते. विहिरीचं पाणी फुटवॉलच्या जवळ आल्यावर पंप कसा खडे भरडल्यासारखा वाजतो, तसंच. म्हणून कुठलाही पान्हा हातात घ्यायच्या आधी अर्धी टाकी भरा आणि दोन दिवस चालवा. आवाज पार गेला तर पंप अजून शाबूत आहे, तुमची भरायची सवय बदला. भरलेल्या टाकीतही तेवढाच आवाज राहिला तर पुढं चला.

ज्यांनी जुन्या गाडीला गॅसचं किट बसवलंय त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट. काही किटमध्ये गाडी गॅसवर पळत असतानाही टाकीतला पंप फिरतच असतो. लोक म्हणतात, गॅसवर चालवायची तर पेट्रोल कशाला भरू? टाकीत दोन लिटर ठेवतात आणि तेच दोन लिटर गरम होत पंपातून फिरत राहतं. सहा महिन्यांनी पंप ओरडायला लागतो. किटवाल्याला विचारा की गॅसवर पंप बंद होतो का. होत नसेल तर पाव टाकीच्या खाली येऊ देऊ नका.

तिसरं, टाकीचं झाकण. गाडी चालून आल्यावर, आवाज येत असताना झाकण उघडा. जरासा "फुस्स" झाला तर हरकत नाही. पण जोरात हवा आत ओढली गेली आणि आवाज लगेच बदलला तर टाकीला हवा मिळत नाहीये. पेट्रोल निघून जातंय, त्याच्या जागी हवा शिरत नाही आणि पंप ओढून ओढून दमतोय. झाकण किंवा हवेची नळी तुंबलेली. ह्या तपासणीला खर्च शून्य आहे, तरी मी आजवर एकाही गॅरेजमध्ये ती करताना बघितली नाही.

चौथं वीज, आणि माझ्या मते जुन्या गाडीत सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथंच होतं. चुलतभावाची गाडी घेऊन मी गावातल्या मोटर रिवाइंडिंगवाल्याकडं गेलो. त्याला गाडीचं काम येत नाही, पण मीटर लावता येतो. आणि हेच तर पाहिजे होतं. गाडीचा आवाज आम्ही आधी नीट ऐकला. हेडलाइट, पंखा, वायपर चालू केले की सूर खाली यायचा, रडका व्हायचा. बंद केले की सुधारायचा. तो लगेच म्हणाला, "काका, हा पंपाचा नाही, व्होल्टेजचा रोग आहे."

इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावला तर १४ व्होल्ट. टाकीपाशी पंपाच्या जोडावर लावला तर ११ च्या जरा खाली. तीन व्होल्ट वाटेत खाल्ले. हे मोजताना पंप फिरत असला पाहिजे, बंद पंपावर मीटर पूर्ण व्होल्ट दाखवतो आणि फसवतो. बोअरच्या मोटरीचं नाही का, बंद असताना तिन्ही फेज बरोबर आणि लोड आला की एक फेज झोपते. मग त्यानं मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी पंपाच्या अर्थच्या वायरीला लावली. तिथंच सगळं सापडलं. चांगल्या अर्थमध्ये हा फरक अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे, जेवढा कमी तेवढा बरा. इथं अडीच होता. डिक्कीतला अर्थचा बोल्ट हिरवा-पांढरा पडलेला. चुलतभाऊ वर्षानुवर्षं डिक्कीतून खताची पोती आणतो. खत सांडतं, ओल धरतं आणि पत्रा खातं. पॉलिश पेपरनं घासला, बोल्ट नवा टाकला, वर ग्रीस लावलं. आवाज निम्म्यावर आला आणि पिकअपही परत आला.

इथं एक फरक लक्षात घ्या, कारण आपण बोअरच्या हिशोबानं विचार करतो. विहिरीवरची एसी मोटर व्होल्टेज कमी झालं की जास्त अँपिअर ओढते आणि तापून जळते. गाडीचा पंप डीसी आहे. व्होल्ट कमी झाले की तो मुख्यतः मंद होतो, दाब पडतो, गाडी चढाला दम टाकते. फ्यूज उडत नाही, काही जळत नाही, म्हणून कुणाला वायरीचा संशयच येत नाही. अर्थ बरोबर निघाली तर रिले, त्याच्या खालचा जोड आणि टाकीवरचा प्लग बघा. प्लगचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं असेल तर तिथं वीज अडतेय. शेडमध्ये उभ्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात, तेही बघा.

पाचवं, जाळी आणि फिल्टर. हे ठिबकवाल्याला सांगायची गरज नाही, पण सांगतो. पंपाच्या तोंडाला टाकीत एक बारीक जाळी असते, ती ओढायच्या बाजूची. पंपाच्या पुढं फिल्टर असतो, तो ढकलायच्या बाजूचा. काही गाड्यांत खाली बाहेर, काहींत पंपाबरोबर टाकीतच. दोन्ही तुंबले तरी आवाज येतो, पण आवाज वेगळा. जाळी तुंबली की पंपाला पुरेसं पेट्रोल मिळत नाही, आत बुडबुडे होतात आणि खरखरीत, किरकिरा आवाज येतो, गाडी तापल्यावर जास्त. फिल्टर तुंबला की पंप कोंडल्यासारखा होतो, सूर जड आणि एकसारखा, अँपिअर वाढतात. ठिबकच्या फिल्टरच्या मागं-पुढं आपण गेज बसवतो आणि फरक अर्ध्या किलोवर गेला की फिल्टर धुतो. गाडीत पुढंमागं गेज नसतात, म्हणून तो फिल्टर मरेपर्यंत तिथंच बसतो. जुनी गाडी घेतली आणि फिल्टर कधी बदललाय ते माहीत नाही, तर बाहेरचा फिल्टर आधी बदला. पंपापेक्षा कितीतरी स्वस्त.

तिसरी गाडी शेजारच्या अण्णांची, तिचा रोग हाच. अण्णा फवारणी पंपासाठी आणि ग्रास कटरसाठी कॅनमध्ये पेट्रोल आणतात आणि हंगाम संपला की उरलेलं गाडीत ओततात. तो कॅन बांधावर झाकण सैल ठेवून पडलेला असतो. त्यात माती, काडी, पावसाचा थेंब, सगळं. टाकी उतरवली तेव्हा जाळीवर काळा गाळ बोटानं निघत होता. जाळी बदलली, टाकी आतून धुऊन वाळवली. पंप तोच आहे, आज चार महिने झाले.

आता इथंनॉलचं. इथेनॉल असं लिहायला पाहिजे, पण आमच्याकडं सगळे इथंनॉलच म्हणतात. हल्ली कुठल्याही जुन्या गाडीला काही झालं की पहिला दोष २० टक्के मिश्रणाला. माझा ऊस कारखान्याला जातो, मका विकला तर तोही आता तिकडंच जातो, तेव्हा मी विरोधात बोलणार नाही असं तुम्हाला वाटेल. मी जे आहे ते लिहितो. देशात १० टक्के मिश्रण २०२२ च्या जूनमध्ये गाठलं आणि २० टक्क्यांचं उद्दिष्ट २०३० वरून अलीकडं ओढलं. २०२१ च्या नीती आयोगाच्या आराखड्यातच लिहिलंय, की बिनमिश्रणाच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्क्यांना जुळवलेल्या चारचाकीचं अ‍ॅव्हरेज २० टक्क्यांवर ६ ते ७ टक्क्यांनी कमी होईल. म्हणजे जुन्या गाडीवाल्याला थोडा तोटा होणार हे सरकारला माहीत होतं. इथेनॉल पाणी ओढतं. टाकीत पाणी जास्त झालं तर इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून फुटतं आणि तळाला बसतं, आणि पंपाची जाळी असते ती तळालाच. जुन्या टाकीतला वर्षांचा चिकटलेला थरही ते सोडवतं आणि तो जाळीत येतो. जुनं रबर त्याला सोसतंच असं नाही.

म्हणून माझं मत असं, की पंधरा-वीस वर्षांच्या गाड्या गावाकडं अजून दहा वर्षं पळणार आहेत, त्यांच्यासाठी १० टक्क्याचं पेट्रोल एका नळीला तरी मिळायला पाहिजे. पण जोपर्यंत ते मिळत नाही तोपर्यंत आपल्या हातात आहे ते करा. गाडी दोन-दोन महिने पाव टाकीवर उभी करू नका, झाकणाचं रबर चांगलं ठेवा, कॅनमधलं उरलंसुरलं ओतू नका. आणि अर्थ गंजली तर इथेनॉलला शिव्या देऊ नका. चुलतभाऊ महिनाभर तेच करत होता.

एवढं सगळं बघूनही आवाज राहिला तर दाब मोजायचा. हे मात्र घरी करायचं काम नाही, मिस्त्रीकडं गेज असेल तरच. गेज लावला, चावी ऑन केली, पुस्तकातल्या आकड्याइतका दाब आला का? इंजिन बंद केल्यावर दाब धरून राहतो का, की लगेच कोसळतो? कोसळत असेल तर सकाळी बराच वेळ स्टार्टर मारावा लागतो, पंपातला उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह किंवा इंजेक्टर गळतोय. रेस दिल्यावर दाब टिकतो का? डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर असेल तर पंप किती अँपिअर घेतो तेही कळतं. आपल्याकडं मोटरीसाठी असतो तो साधा क्लॅम्प बहुतेक फक्त एसी दाखवतो, त्यानं गाडीचा पंप मोजायला जाऊ नका, शून्य दाखवेल.

काही वेळा पंप, वीज, फिल्टर सगळं ठीक असतं आणि तरी आवाज येतो. पंप ज्या रबरावर बसतो ते कडक झालेलं असतं, किंवा पेट्रोलची नळी क्लिपमधून सुटून पत्र्याला टेकलेली असते. मग पत्राच ढोलासारखा वाजतो. खाली वाकून नळी हातानं जरा दूर धरा. आवाज पडला तर रबराचा तुकडा घाला आणि विसरून जा.

आता गुरुजींच्या गाडीकडं येतो. तिथं पंप खरंच जात होता आणि त्याची लक्षणं महिनाभर दिसत होती. आधी बारीक किणकिण होती, मग घोगरा आवाज झाला. गाडी तापली की बंद पडायची, दहा-पंधरा मिनिटं थांबलं की परत चालू व्हायची. थंड असताना ठीक, गरम झाली की आजारी. चढाला दम नाही. एकदा तर टाकीला खालून हाताचा दणका दिला आणि चालू झाली. हा दणका म्हणजे पंपाची शेवटची चिठ्ठी समजा. मोटरीचे कार्बन झिजलेले असतात, दणक्यानं तेवढ्यापुरते टेकतात. अशी गाडी घेऊन पेशंटला न्यायचं नाही, रात्री निघायचं नाही, रेल्वे फाटक ओलांडायचं नाही. त्या दिवशी पंप बदलायचा, पैसे उसने घेऊन बदला पण बदला. गुरुजींनी ह्यातलं मिस्त्रीला काही सांगितलं नाही, नुसतं "आवाज येतोय" म्हणाले. आणि मिस्त्रीनंही काही विचारलं नाही.

मिस्त्रीला मी वाईट म्हणत नाही. त्याची बाजू बघा. मीटर लावून, फिल्टर काढून, तासभर डोकं घालून त्यानं सांगितलं की "अर्थ गंजलीय", तर आपण त्याला किती देतो? शंभर रुपये, आणि वर म्हणतो, "नुसती वायर घासली त्याचे कसले पैसे?" तोच पंप बदलला तर पार्टवर कमिशन आणि मजुरी दोन्ही. मग तो तपासेल कशाला? कृषी केंद्रवाल्याचं नेमकं हेच आहे. सल्ला फुकट, बाटलीचे पैसे. मग सल्ल्यात बाटलीच येणार. कृषी सहायक, कृषी पदवीधर मंडळी हे पान वाचतात, त्यांनी राग मानू नये, पण शेतात येऊन तासभर मुळं उकरून बघणाऱ्याला आपल्याकडं पैसे द्यायची पद्धतच नाही, ही खरी अडचण आहे.

मी आता मिस्त्रीला आधीच बोलतो, "तपासणीचे तीनशे वेगळे देतो, पार्ट लागो न लागो. पण व्होल्ट किती आले आणि दाब किती आला ते दोन आकडे मला कागदावर लिहून दे." पहिल्यांदा तो हसला. आता त्यानं डीसी क्लॅम्प विकत घेतलाय. मला वाटतं दहा गिऱ्हाइकांनी असं केलं तर तालुक्यातली निम्मी गॅरेजं सुधारतील. सगळीच सुधारणार नाहीत, तेवढी आशा मलाही नाही.

पंप बदलायचाच ठरला तर तीन गोष्टी बघून घ्या. जुना पंप हातात मागा, जाळीसकट, आणि जाळी नवीनच टाकायला लावा. जुन्या जाळीवर नवा पंप म्हणजे गाळानं भरलेल्या फुटवॉलवर नवी मोटर. स्वस्त डुप्लिकेट पंप पहिल्या दिवसापासूनच ओरडतात आणि काही महिन्यांत मागचा पाढा परत सुरू होतो. गाडीचा चेसिस नंबर दाखवून मूळ पार्ट नंबर काढा. आणि टाकीच्या आत नळी लावायची तर पेट्रोलात बुडून राहणारी नळीच पाहिजे. बाहेर लावायची साधी नळी आत टाकली तर ती फुगते, सुटते, आणि लोक म्हणतात नवा पंपही खराब निघाला.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं, आगीचं. टाकी, फिल्टर, नळी, ह्यातलं काहीही सोडायच्या आधी पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे लाईनीतला दाब उतरतो. नाहीतर नळी सोडली की पेट्रोल तोंडावर उडतं. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. काम उघड्यावर करायचं, खड्ड्यात किंवा बंद शेडमध्ये नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते आणि लांबच्या ठिणगीपर्यंत सरकत जाते. बिडी, हॅलोजन, वेल्डिंग, चूल, काही जवळ नको. वाळूची बादली जवळ ठेवा, पाणी नाही, पाण्यावर पेट्रोल तरंगून आग पसरते. आणि गाडीत बसल्यावर पेट्रोलचा वास येत असेल तर वरचं एकही न करता आधी गाडी घरापासून दूर उभी करा आणि मिस्त्रीला तिथंच बोलवा.

गुरुजींनी नवा पंप टाकलाय. बाईंची फेरी दर मंगळवारी आणि शुक्रवारी असते, अर्धी टाकी भरून निघतात.